दारातले ओले दगड

फार पूर्वी एका बुटक्या टेकडीखाली एक बाई राहायची, आणि तिचं कुणी म्हणजे कुणी खरं मानलं नाही. ती खोटं बोलत नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिनं एकदा सांगितलं, परत सांगितलं, घसा बसेपर्यंत सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपापल्या कामाला गेले. पुढं व्हायचं ते झालं, तेव्हा तेच लोक म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?"

तर ती टेकडी. नावाला टेकडी. बाहेरगावचे पाहुणे आले की हसायचे. "ह्याला टेकडी म्हणता होय? आमच्याकडं एवढ्या उंचीवर गोवऱ्या रचतात." पण आजूबाजूला सगळी सपाट काळी रानं, त्यामुळं तीच काय ती उंच. तिच्या पायथ्याला एक तलाव होता. तलावाच्या एका अंगाला उगवतीचं गाव, दुसऱ्या अंगाला मावळतीचं गाव. दोन्ही गावं त्याच पाण्यावर जगायची आणि त्याच पाण्यावरून भांडायची.

टेकडीच्या माथ्यावर थडगी होती. मोठाल्या धोंड्यांची गोल रिंगणं, आणि प्रत्येक रिंगणाच्या मधे दगडांचा ढीग. कुणाची थडगी, कुणी बांधली, कुणालाच ठाऊक नव्हतं. राजांची म्हणावीत तर जवळपास वाडा नाही, गवळ्यांची म्हणावीत तर गोठा नाही. लोक आपले 'थोरले' म्हणायचे. आपल्या आधी इथं राबले, दमले आणि आता निजलेत, ते थोरले. बाकी चौकशी कुणी केली नाही.

या थोरल्यांची एक रीत होती. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं आपल्या दारातला एक दगड उचलायचा. दोन्ही हात लागतील एवढा. मुठीतला खडा चालायचा नाही. तो डोक्यावर घेऊन दिवसाउजेडी टेकडी चढायची, थडग्यावर दगड ठेवायचा आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. काय केलं ते सांगायचं नाही, थोरल्यांना भानगडी ऐकायच्या नसतात. नाव पुरतं. टेकडी बुटकी, त्यामुळं वर कोण गेलं ते खालून दिसायचं आणि नाव ऐकूही यायचं. मग माणूस खाली उतरला की विषय संपला. त्याला कुणी टोमणा मारायचा नाही, त्याच्या लेकरांना कुणी बोल लावायचा नाही.

आणि रीतीचा दुसरा अर्धा भाग असा, की थडग्यावर ठेवलेला दगड कुणी उचलायचा नाही. जो उचलेल त्याला ती चूक चिकटेल.

दगड म्हणजे तिथं फुकटची वस्तू नव्हती. काळ्या मातीचा मुलूख, कितीही खणा, हाताला दगड लागायचा नाही. जोत्याला, उंबऱ्याला लागणारा दगड आजोबा-पणजोबांनी लांबून गाड्यांनी आणलेला. एक दगड वर गेला की दारात खड्डा पडायचा, आणि पुढच्या पावसात त्या खड्ड्यात घरधनी स्वतःच पाय मुरगाळून घ्यायचा. म्हणून माणूस चूक करण्याआधी जरा विचार करायचा. नेहमी नाही करायचा. पण करायचा.

आपली बाई उगवतीच्या गावात राहायची, केरसुण्या वळायची. टेकडीवर मोळ नावाचं गवत उगवायचं. ते कापायला ती रोज सकाळी वर जायची, दुपारी भारा घेऊन खाली यायची आणि संध्याकाळपर्यंत वळत बसायची. घरात एकटीच होती. बोलायला तिखट, पण मदतीला नाही म्हणायची नाही. तिथंच तिचं चुकलं असं म्हणणारे आहेत. मी तसं म्हणत नाही.

एके दिवशी एक म्हातारबा तिच्या दारात आले. गुडघे गेलेले, काठीवर सगळा भार.

"पोरी, तू वर जातेसच. एवढा माझा दगड नेशील का गं?"

"नेईन की. पण नाव कोण सांगणार?"

"तूच सांग माझं."

म्हातारबांची खरीच अडचण होती. बाईनं दगड नेला, थडग्यावर ठेवला आणि त्यांचं नाव मोठ्यानं सांगितलं. म्हातारबा खाली अंगणात हात जोडून उभे होते. त्यात काही वावगं नव्हतं.

पण ते सगळ्या गावानं पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एक धडधाकट गडी आला. "माझं मळणीचं काम चाललंय. तू जातेसच तर माझाही ने." मग एक सूनबाई आली. "सासूबाई घराबाहेर पडू देत नाहीत हो मावशी." मग मावळतीच्या गावचा एकजण आला, त्याला ऊन लागत होतं. कुणी ओंजळभर जोंधळे द्यायचं, कुणी कालची भाकरी. बाई न्यायची. एकावर दोन घेऊन न्यायची. दगडाखाली डोक्यावर ठेवायची तिची चुंबळ झिजली, तिनं दुसरी केली.

पुढं लोक म्हणायला लागले, "नाव नको घेऊस गं. उगाच चारचौघांत कशाला? दगड पोचल्याशी कारण."

"अहो, रीत नावाची आहे. दगडाची नाही."

"तू लई शिकलेली! ने म्हटलं की न्यायचं."

मग कुणी सांगायलाही येईना. बाई पहाटे दार उघडायची तर दारात दगड. एक, कधी दोन, कधी इतके की घागर घेऊन बाहेर पडायला वाट नाही. कुणाचा कोणता, काही पत्ता नाही. ती ओरडायची, "कुणाचा हा? न्या आपापला!" आळीत सगळी दारं उघडी असायची आणि सगळे बहिरे असायचे. शेवटी ती तोच दगड उचलायची, कारण गवत तर आणायलाच हवं आणि वाट तर तीच.

चुका स्वस्त झाल्या. शेजाऱ्याच्या शेतात बैल घालावा आणि पहाटे बाईच्या दारात दगड टाकावा. वजनात मारावं, दगड टाकावा. सुनेला उपाशी ठेवावं, दगड टाकावा. टाकला की रात्री झोप छान लागायची. वरच्या थडग्यांचे ढीग वाढत गेले आणि खाली माणसं हलकी होत गेली.

बाई मात्र थकली. तिची मान एका बाजूला कलली ती कललीच. संध्याकाळी मोळ हातात घेतला की बोटं वळायची नाहीत. तिनं एकदा पाणवठ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "हे बरं नव्हे. एक दिवस कुणाची तरी चूक भलत्याच्याच डोक्यावर येईल."

त्यावर एकजण म्हणाला, "डोक्यावर तर तुझ्याच आहे की!" आणि सगळा पाणवठा हसला. हसण्यासारखं होतंही. पण ती हसली नाही.

आता कारभाऱ्याचं ऐका. दोन्ही गावांनी मिळून तलावाची राखण एका माणसाकडं दिली होती, त्याला कारभारी म्हणत. पाणी कुणाला कधी सोडायचं ते तो ठरवायचा, बांध तो बघायचा. माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि आपल्याला कुणी चुकलं म्हणेल याची भीती त्याहून मोठी. त्याच्या दारातले दगड कधीच संपले होते. कशाकशापायी संपले ते मला विचारू नका, रीत तशी नाही.

एका सकाळी कारभारी स्वतः दगड घेऊन बाईच्या दारात आला. बाईनं दगड हातात घेतला आणि तिचा हात गार पडला. दगड ओला होता. एका अंगाला हिरवं शेवाळ, आणि शेवाळात एक बारकी गोगलगाय.

"कारभारी, हा तर बांधाचा दगड."

"दगड तो दगड."

"बांध तुम्ही राखायचा, आणि तुम्हीच...?"

"एकानं काय होतंय? एवढा मोठा बांध. आणि तू केरसुण्या वळ. बांधाचं मी बघतो."

बाईनं तेव्हाच तो दगड त्याच्या पायावर टाकायला हवा होता. पण सकाळची वेळ, गवताची घाई, आणि समोर कारभारी. तिनं तो उचलला.

बांधावरून दगड घेताना कारभाऱ्याला कुणीतरी पाहिलंच असणार. कारण त्यानंतर बाईच्या दारात रोज ओले दगड यायला लागले. उगवतीच्या गावातले आले, मावळतीच्या गावातले आले. प्रत्येकाच्या दारातले संपलेच होते, आणि बांध सगळ्यांच्याच वाटेवर होता. कारभारी घेतो तर आपण का नाही? एकानं काय होतंय?

बाई माथ्यावर गवत कापायची तेव्हा तिला खाली सगळा बांध दिसायचा. पाण्याकडच्या अंगाचे दगड गेले होते आणि तिथं मातीची बोडकी पाठ दिसत होती. एका जागी बाहेरच्या अंगानं ओल फुटली होती. भर उन्हाळ्यात तिथं हिरवळ. बाई भारा तसाच टाकून खाली पळत आली.

"बांध पाझरतोय! पावसाच्या आधी दगड परत लावा!"

कारभारी म्हणाला, "मी कालच बघून आलो. ठणठणीत आहे."

उगवतीच्या गावानं विचारलं, "तुला कुठून दिसलं?"

"टेकडीवरून."

मावळतीचं गाव म्हणालं, "त्या टेकडीवरून आमच्या परसातली कोंबडीसुद्धा दिसत नाही."

"अहो, माझ्या दारात ओले दगड येतात! त्यांना गोगलगाई चिकटलेल्या असतात! कुठून येतात ते?"

यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला आणि मग आपल्या पायाकडं. तिचं खरं मानायचं तर प्रत्येकाला आपलंही खरं मानावं लागलं असतं. त्यापेक्षा तिला खोटं ठरवणं सोपं. "दगड वाहून वाहून डोकं फिरलंय बिचारीचं," असं ठरलं. ती बिचारी त्या दिवसापासून.

पाऊस आला. पहिले काही दिवस काही झालं नाही, आणि लोक बाईकडं बघून खाकरायचे. मग एका दुपारी, जेवणं चालली असताना, जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज झाला. बांध ज्या जागी ओला होता त्याच जागी फुटला.

माणसं वाचली, कारण दुपार होती आणि धावता आलं. बाकी काही वाचलं नाही. पेवांत पाणी शिरलं आणि धान्य कुजलं. दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच गेली. पेरलेली माती वाहून गेली. आणि दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा तलावाच्या जागी चिखल होता. पुढच्या वर्षाचं पाणी गेलं होतं.

दोन्ही गावं चिंचेखाली बसली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "बांधाचे दगड गेले कुठं?"

सगळ्यांनी मान वर करून टेकडीकडं पाहिलं. थडग्यांवरच्या ढिगांत ते वेगळे ओळखू येत होते, शेवाळानं काळपट पडलेले.

"तिथं कुणी नेले?"

हे विचारलं कारभाऱ्यानं. आणि आता त्याला खूप हलकं वाटलं असणार, कारण उत्तर खरं होतं आणि त्याचं स्वतःचं नव्हतं.

"केरसुणीवालीनं," कुणीतरी म्हणालं.

"सगळ्यांनी पाहिलंय."

"रोज न्यायची."

बाई उठून उभी राहिली. "मी नेले. माझ्या दारातून नेले. दारात कुणी टाकले?"

मग ती कारभाऱ्याकडं वळली.

"पहिला ओला दगड तुम्ही आणलात, कारभारी. मी म्हटलं, बांधाचा आहे. तुम्ही म्हणालात, दगड तो दगड."

"खोटं बोलते!" कारभारी ओरडला. मोठा आवाज असला की असं पटकन ओरडता येतं. बाकीचे म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?"

मग कारभारी जरा मऊ झाला. म्हणाला, "हे बघ बाई. कुणी तुला फासावर देत नाही. रीत आहे आपली. एक दगड घे, वर जा, तुझं नाव सांग आणि खाली ये. मग कुणी तुझ्याविरुद्ध ब्र काढणार नाही. तुझं घर तुला, वर पुढच्या सुगीला दोन्ही गावं मिळून वर्षाचे जोंधळे देतो. संपवून टाकू."

बाकीचेही बोलायला लागले. "हो गं, संपवून टाक." "एवढे नेलेस, त्यात आणखी एक." "आम्ही काय तुझे वैरी आहोत?"

बाई किती दमली होती ते तुम्हाला कसं सांगू? पायाखाली चिखल, मान कललेली, घरात चूल विझलेली. एक दगड, एक नाव, आणि वर्षाचे जोंधळे. टेकडी तर बुटकीच. तिनं एकदा टेकडीकडं पाहिलं.

मग म्हणाली, "नाही. आजवर वाहिले ते तुमचे म्हणून वाहिले. माझे म्हणून एकही वाहणार नाही."

"मग या गावात राहायचं नाही."

"त्या गावात?"

"त्याही नाही."

बाईनं विळा घेतला, चुंबळ घेतली आणि टेकडीवर जाऊन थडग्यांच्या शेजारी मोळाचं खोपट बांधलं. जाताना कुणीतरी विचारलं, "मेलेल्यांच्या शेजारी राहणार?"

ती म्हणाली, "ते तरी दारात दगड टाकत नाहीत."

आता खाली काय झालं बघा. बाईला घालवलं, पण त्यानं बांध काही भरून आला नाही. त्याला दगड हवे होते. काळ्या रानात दगड नाही, आणि लांबून आणायला बैल उरले नव्हते. दगड होते ते थडग्यांवर. डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर. पण जो उचलेल त्याला ती चूक चिकटणार. पहिला हात कुणी लावायचा?

उगवतीचं गाव म्हणालं, मावळतीच्यांनी लावावा. मावळतीचं गाव म्हणालं, कारभाऱ्यानं लावावा. कारभारी म्हणाला, त्याची कंबर धरलीय. एक वाटसरू गाडीवान धरून आणला, त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, वरचे दगड तेवढे खाली आण. तो वर गेला, धोंड्यांची रिंगणं बघितली आणि बाईला विचारलं, "कुणाच्या नावानं उचलू?" बाई म्हणाली, "तेच तर खाली कुणी सांगत नाही." गाडीवान ढेकर देत दुसऱ्या बाजूनं उतरून गेला.

हिवाळा गेला. उन्हाळा आला. बायका भल्या पहाटे निघून लांबच्या ओढ्यात वाळू उकरायच्या आणि उन्हं डोक्यावर आली की अर्ध्या घागरी घेऊन परत यायच्या. केरसुण्याही संपल्या होत्या. अंगणं तशीच राहायला लागली, आणि त्या कचऱ्यात बसून माणसं बांधाबद्दल बोलायची. नुसतीच बोलायची.

एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या सुमारास, कारभारी एकटाच टेकडी चढून आला. मागच्या बाजूनं, झुडपांआडून, कुणाला दिसू नये असा. बाई खोपटाबाहेर गवत वाळवत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. सरळ थडग्यापाशी गेला, ढिगात हात घालून एक दगड ओढायला लागला. वाळलेल्या शेवाळात गोगलगाईचं रिकामं कवच अजून तसंच होतं.

"ओळखलात की," बाई म्हणाली.

कारभारी दचकला. मग खालीच बसला. मिशी पांढरी झाली होती आणि सावरलेली नव्हती.

"हा घेऊन जातो. गुपचूप बांधात बसवतो. कुणाला कळायचं नाही."

"न्या की. पण नाव?"

"नाव कशाला?"

"चोरून आणलात, आता चोरूनच नेणार. एका दगडावर बांध उभा राहतो का कारभारी? तुम्हीच म्हणाला होतात, एकानं काय होतंय."

तो दगडावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "मी नाव सांगितलं, तर सगळा बांध माझ्याच माथी येईल. बाकीचे गप्प बसतील."

"येईल," बाई म्हणाली. "बसतील."

"मग मीच का?"

"मला कशाला विचारता? मी तुमच्या गावची नाही."

"लोक म्हणतील, यानंच दोन गावं बुडवली."

"माझ्याबद्दल म्हणतातच की. मेले का मी? नाही मेले. मान दुखते फक्त."

कारभाऱ्यानं दगड उचलायला बघितलं. वयानं आणि उपासानं त्याला तो पेलेना. तो म्हणाला, "जरा हात लाव गं."

बाई उठली, दोन पावलं पुढंही आली. सवय फार वाईट असते. मग जागीच थांबली.

"नाही. आता नाही."

ती खोपटात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चुंबळ होती. तिनं ती त्याच्यापुढं टाकली. "ही घ्या. दगडाची धार टाळूला लागते. पहिल्या दिवशी फार लागते."

कारभारी दगड तिथंच ठेवून, चुंबळ घेऊन खाली गेला. बाईला वाटलं, गेला. चुंबळही गेली.

पण दुसऱ्या दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर, कारभारी समोरच्या वाटेनं टेकडी चढायला लागला. डोक्यावर चुंबळ, हात रिकामे. पाणी आणून नुकत्याच परतलेल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. कचऱ्यात बसलेली माणसं उठून उभी राहिली. तो मधेच एकदा बसला, परत उठला. माथ्यावर पोचून त्यानं दगड ढिगातून काढला, गुडघ्यावर घेतला, छातीवर घेतला, आणि एकदाचा डोक्यावर चढवला.

मग तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो एवढा मोठा आवाज, आणि फुटेना. त्या माथ्यावर कितीतरी वर्षांत कुणी स्वतःचं नाव घेतलं नव्हतं.

"बोला," बाई मागून म्हणाली. "थोरले ऐकताहेत. खालचेही."

आणि त्यानं नाव सांगितलं. स्वतःचं, बापासकट. दोन्ही गावांत ऐकू गेलं.

मग तो दगड घेऊन खाली उतरला आणि फुटलेल्या बांधात नेऊन बसवला. एकच दगड. एवढ्या मोठ्या भगदाडात तो दिसतसुद्धा नव्हता.

त्या दिवशी दुसरं कुणी वर गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती सूनबाई गेली, आता तिला सासूचं भय उरलं नव्हतं. मग तो मळणीवाला गडी. मग एकेक. चोरलेली वस्तू माणूस विसरत नाही. ज्यानं त्यानं आपापला दगड बरोबर ओळखला. पण नाव मात्र सगळ्यांनी पुटपुटल्यासारखं घेतलं, ओठातल्या ओठात, थोरल्यांना कळेल आणि खाली कळणार नाही असं. खाली बापासकट ऐकू गेलं ते एकच नाव. त्यामुळं कारभारी म्हणाला होता तेच झालं. बांध कुणी फोडला, असं कुणी विचारलं की दोन्ही गावं त्याचंच नाव सांगायची. मात्र रीतीप्रमाणं त्याला तोंडावर कुणी टोमणा मारला नाही, त्याच्या लेकरांना बोल लावला नाही. तो रोज बांधावर जाऊन बसायचा. म्हणतात, शेवटी शेवटी त्याला झोपही लागायची.

पावसाच्या आधी बांध कसाबसा उभा राहिला. काही दगड न्यायला कुणी आलंच नाही. ते अजून थडग्यांवर आहेत, आणि तेवढ्या जागी बांध अजून थोडा पाझरतो.

बाईला बोलवायला दोन्ही गावं वर गेली. "चल आता खाली. तुझं घर झाडून ठेवलंय."

"कशानं झाडलंत?" तिनं विचारलं. "केरसुणी तर कुणाकडं नाही."

माणसं ओशाळली. तिनं त्यांच्याकडं एकेका घराला एक अशा केरसुण्या दिल्या आणि वर एवढंच म्हणाली, "आधी आपापलं अंगण झाडा. मी येईन सवडीनं." ती आली की नाही, याबद्दल दोन्ही गावांत अजून वाद आहे. पण त्यानंतर कुणाच्या दारात दुसऱ्याचा दगड पडला नाही, हे मात्र खरं.

तात्पर्य: दुसऱ्यानं वाहिली म्हणून कुणाची चूक हलकी होत नाही, वाहणाऱ्याची मान तेवढी मोडते, ज्याची त्यानं उचलावी आणि उजेडात उभं राहून आपलं नाव सांगावं. या गोष्टीत इतकी माणसं आली, पण नाव कुणाचंच आलं नाही, कारण त्यांनी ते मोठ्यानं कधी सांगितलंच नाही. ज्यानं सांगितलं, त्याचं तेवढं राहिलं, बापासकट. येसूचा हैबती.